ट्रॉल्यांचे कंट्रोलर

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारचे तीन. काम: फरशीवर पिवळी टेप लावणे.

नवं दुकान उद्या उघडायचं आहे. काकतीच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. बेंगळुरूच्या हेड ऑफिसमधून नकाशा आला आहे. त्यात प्रत्येक रॅकची, फ्रीजची, बिल काउंटरची जागा सेंटीमीटरमध्ये लिहिलेली आहे. ट्रॉल्यांचीही आहे. मुख्य दाराच्या डाव्या हाताला, रस्त्याकडच्या मोठ्या काचेला लागून, चार मीटर बाय दीड मीटरचा चौकोन. पोरं टेप वाकडी लावतात, म्हणून मी स्वतःच गुडघे टेकून बसले. दोन बाजू लावून झाल्या आणि तिसऱ्या बाजूला हात थांबला. हा चौकोन चुकीच्या जागी आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

ज्यांनी ते मला दाखवून दिलं, त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी भलती आशा धरायला नको.

तेव्हा मी निपाणीच्या दुकानात मॅनेजर होते. नऊ वर्षं झाली. ट्रॉल्या गोळा करून जागेवर लावायला माणूस हवा होता. एजन्सीने जे पाठवले ते साठी ओलांडलेले, उंच, पाठीत जराही न वाकलेले गृहस्थ होते. अंगावर खाकी पँट. ती नोकरीतली जुनीच असावी, कारण गुडघ्यावर तिचा रंग मातकट झाला होता. मी विचारलं, याआधी काय करत होता?

"कंट्रोलर. यष्टी श्टँडावर. बत्तीस वर्सं."

"इथे ट्रॉल्या लावायच्या आहेत."

"तितं बशी लावत हुतो. फरक काय हाय?"

पेन्शन होतं, मुलगा-सून होती, स्वतःचं घर होतं. मग हे काम कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला त्या वेळी फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. "घरात मी जितं हुबा ऱ्हातो तितं सगळ्यांना अडचन व्हती, म्याडम. सून म्हनती, मामा, जरा सरका. दिसभर मी सरकालोय. कुटंतरी हुबा ऱ्हायलो तर चालंल अशी जागा पायजे."

पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायला लागले. नाव हजेरीच्या यादीत होतं, पण ते कुणी वापरलं नाही.

आठवडाभरात त्यांनी ट्रॉल्यांना नंबर दिले. साठ ट्रॉल्या, साठ नंबर, रंगाने हँडलखाली लिहिलेले. ज्याचं चाक अडतं ती ट्रॉली 'ब्रेकडाऊन'. तिला मागच्या दाराशी वेगळी रांग, आणि ग्रीस लावल्याशिवाय ती पुन्हा लाइनवर नाही. दुपारी गर्दी वाढली की दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून ते ओरडायचे, "सतरा नंबर, फलाट मोकळा करा! सतरा!" सतरा नंबर हातात असलेली बाई दचकून तांदळाच्या रांगेतून बाजूला व्हायची. तक्रार एकदाही आली नाही. उलट काही बायका आपला नंबर लक्षात ठेवून पुढच्या वेळी तीच गाडी मागायच्या.

ते ट्रॉली शब्द उच्चारत नसत. गाडी म्हणत. आणि कधी खाली बसत नसत. दहा तासांच्या ड्यूटीत मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्याने, बशीत ओतून, एक डोळा दाराकडे ठेवून.

कुणी जड पिशवी कडेवर घेऊन फिरताना दिसलं की त्यांना राहवत नसे. एकदा एक बाई तेलाचा पाच लिटरचा कॅन मुलासारखा कडेवर घेऊन साबणाच्या रॅकपुढे उभी होती.

"आक्का, नवस बोललायसा काय?"

"कसला नवस?"

"मग तेलाला कडंवर घिऊन परदक्षिणा कशापाय घालालासा? गाडी घ्या की."

"नगो बाबा. एवड्याशा सामानाला गाडी कशाला."

"यवडंसं हाय तर मग दम का लागलाय?"

बाई हसली, पण गाडी घेतली नाही. हे रोजचं होतं. खरी अडचण तीच होती. साठ ट्रॉल्या दाराशी चकचकीत रांगेत उभ्या असायच्या आणि दिवसभरात पंधरा-वीस बाहेर पडायच्या. लोक दोन हातांत दोन बास्केट, काखेत पिठाची पिशवी आणि दातांत यादी धरून फिरायचे. हेड ऑफिस दर महिन्याला विचारायचं की निपाणीतच ट्रॉल्या का वापरत नाहीत. मी ट्रॉल्यांच्या वर बोर्ड लावला: 'ट्रॉली मोफत आहे'. मराठीत आणि कन्नडमध्ये. फरक पडला नाही.

"बोर्डानं न्हाय व्हायचं," कंट्रोलर म्हणाले.

"मग कशाने होईल?"

"बघून सांगतो."

त्यांचं बघणं खडूने चालायचं. खिशात खडूचा तुकडा कायम असे. गिऱ्हाईक जिथे थांबून हातातलं ओझं खाली ठेवी किंवा या हातातून त्या हातात घेई, तिथे ते पुढे गेल्यावर कंट्रोलर वाकून फरशीवर एक लहान गोल काढत. संध्याकाळपर्यंत तांदळाच्या पोत्यांपुढे गोलच गोल. गुळाच्या ढेपांपाशी थोडे. तेलाजवळ पुन्हा गर्दी. दाराशी एकही नाही.

पुसायला येणारी आक्का यावर रोज भांडायची. "कंट्रोलर, ही रांगोळी तुमच्या घरात काडा. माजी कंबर गेली."

"आक्का, तांदळाम्होरलं तेवडं ऱ्हाऊ द्या. अजून मोजायचं हाय."

"मोजा आनि मग तुमीच पुसा."

ते खरंच पुसायचे. उभ्याउभ्या, पायाखाली फडकं घेऊन.

पंधरा दिवसांनी ते माझ्या केबिनमध्ये आले. अर्थात बसले नाहीत.

"म्याडम, मानूस रिकाम्या हातानं आत येतंय. रिकाम्या हाताला गाडी सुचत न्हाय. हात भरतोय तांदळाजवळ. तितनं दाराकडं परत कोन येतंय गाडी न्यायला? प्याशिंजर जितं थांबतंय तितं बस लावायची. आपुन बस डेपोत ठेवून बोर्ड लावालोय."

एवढं मला पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, बरं, आणखी काही?

"हाय. पन राग यील तुमाला."

"सांगा."

"बाप्ये गाडी धरत न्हाईत. बायका एकल्या असल्या तर धरत्यात, बरुबर मालक असला की न्हाय. का, तर ती रस्त्याकडची काच."

दुकानाची पुढची भिंत सगळी काचेची होती, आणि पुढचा रस्ता बस स्टँडला जाणारा. आसपासच्या गावांतली माणसं त्याच रस्त्याने येत-जात. आत कोण काय करतंय ते बाहेरून स्पष्ट दिसे. हेड ऑफिसला तेच हवं होतं. दुकान भरलेलं दिसलं की माणूस आत येतो.

"आता त्ये बोरगावकडचं बँकेतलं सायेब बघा," कंट्रोलर म्हणाले. हे साहेब मला माहीत होते. दर आठवड्याला बायकोला घेऊन येत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत बूट. "तांदळाची पिशवी खांद्यावर घेत्यात. पाठ दुखती म्हनून मलाच सांगत हुते. पन गाडी धरत न्हाईत. त्येंचे वडील हितंच वखारीत हातगाडी ढकलत हुते. मी बगितलंय त्यास्नी. आता काचंतनं गावातलं कुनीबी बघंल की, ल्योक सायेब झाला पन गाडी काय सुटली न्हाय."

"पोतं खांद्यावर घेतलेलं चालतं आणि ट्रॉली चालत नाही?"

"पिशवी आपली असती. गाडी दुसऱ्याची असती. दुसऱ्याची गाडी ढकलतोय त्यो हमाल."

मी म्हणाले, हा तुमचा अंदाज झाला. ते म्हणाले, "व्हय, अंदाजच. पन तुमीबी गाडी धरत न्हाईसा."

"म्हणजे?"

"पार्किंगात गाडी पडलेली दिसली की तुमी हाक मारतासा. कवाबी हात लावत न्हाईसा. मी तीन म्हयनं बघालोय."

"मी मॅनेजर आहे, कंट्रोलर."

"त्येच म्हनालोय मी."

मला राग आलाच. कारण माझे वडीलही तंबाखूच्या वखारीत हमाल होते. काट्यापासून ट्रकपर्यंत दोन चाकांची गाडी ढकलायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शाळेत असताना मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि वखारीच्या मागच्या दाराशी उभी राहायची, कारण पुढच्या दाराने वर्गातल्या मुली जायच्या. वडील दुःखी वगैरे मुळीच नव्हते. गाडी ढकलताना मोठ्याने गात. लाज त्यांची नव्हती, माझी होती. हे कंट्रोलरना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी फक्त मी कुठे थांबते ते पाहिलं होतं.

"काय करायचं म्हणता?" मी विचारलं.

"चाळीस गाड्या आत नेतो. तांदळाच्या थप्पीमागं. काचंतनं दिसत न्हाय तितलं. मानूस तितं धरंल आनि एकदा सवय लागली की काचंपुढंबी न्हेईल. आनि दुसरं, तुमी एकदा काचंपुढनं एक गाडी ढकलत न्या. ही इस्त्रीची साडी नेसून. बाकीचं मी बघतो."

दुसरी गोष्ट मी ऐकली नाही असं दाखवलं. पहिलीला म्हटलं, "आठवडाभर करून बघा. पण मी लेखी काही देणार नाही. हेड ऑफिसच्या नकाशात ही जागा नाही."

"बशीचा फलाट बदलायला कवा लेखी लागलंय?" ते म्हणाले आणि गेले.

पहिल्या तीन दिवसांत थप्पीमागच्या सगळ्या ट्रॉल्या फिरायला लागल्या. बँकेतल्या साहेबांनी गाडी धरली. मी लांबून पाहिलं. आधी इकडेतिकडे बघितलं, मग एका हाताने, सहज हात पडल्यासारखी. दोन रॅक पुढे गेल्यावर दोन्ही हातांनी. बायकोने पदराआड हसून घेतलं. कंट्रोलर कडधान्यांपाशी पाठ करून उभे होते. मुद्दाम. त्यांच्याकडे बघितलं असतं तर साहेबांनी गाडी सोडली असती.

पण एक गोष्ट त्यांच्याही खडूत आली नव्हती. लोक गाडी बिल काउंटरपर्यंत आणायचे, बिल करायचे, आणि पुढची काच दिसली की गाडी तिथेच सोडून पिशव्या हातात घेऊन बाहेर पडायचे. चौथ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, बिल काउंटरपुढे तीसएक रिकाम्या गाड्या एकमेकींत अडकल्या. कंट्रोलर एकटे त्या उपसत होते. मी त्यांच्याकडे धावत गेले.

"चुकलं माजं," ते घाईने म्हणाले. "चडायचा फलाट केला, उतरायचा केलाच न्हाय. बिलाच्या अल्याड सोडायची जागा पायजे. उद्या करतो. उद्या बघा तुमी."

उद्या काही आलं नाही. त्याच वेळी दारातून बेंगळुरूचे रिजनल मॅनेजर आत आले. न कळवता येण्याची त्यांची पद्धतच होती. दोन पावलं टाकली आणि गाड्यांच्या गठ्ठ्यापुढे अडले. एका गाडीची कड त्यांच्या पँटला लागली. त्यांनी दाराच्या डावीकडच्या, निम्म्याहून रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग या गठ्ठ्याकडे, मग माझ्याकडे.

"यारु इल्ली इट्टिद्दु?" इथे कुणी ठेवल्या?

माझं प्रमोशन त्या महिन्यात त्यांच्या सहीवर होतं. मी कन्नडमध्ये उत्तर दिलं, पण कंट्रोलरना कन्नड माझ्याहून चांगलं येत होतं. बत्तीस वर्षं माइकवर दोन्ही भाषांत बोललेला माणूस. मी म्हणाले, "यांनी परस्पर ठेवल्या. मी परवानगी दिली नव्हती."

कंट्रोलरनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी बस वेळेवर लागली नाही की कंट्रोलर घड्याळाकडे बघतो तसं, नोंद घेतल्यासारखं. मग साहेबांना म्हणाले, "हौदु सर. व्हय. माजंच डोस्कं. म्याडमचा संबंध न्हाय."

महिनाअखेरीला एजन्सीने त्यांचं काम थांबवलं. माझ्याकडून दोन ओळींचा रिपोर्ट मागवला होता, तो मी दिला. दोन्ही ओळी खोट्या होत्या असं नाही. एक होती.

शेवटच्या दिवशी त्यांनी साठच्या साठ गाड्या मागच्या दाराशी नेऊन ग्रीस लावलं आणि परत पुढच्या दाराशी लावल्या. आतून आणणं सोपं होतं, पण ते प्रत्येक वेळी मागच्या दाराने बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेने, काचेच्या बाहेरून, दहा-दहा गाड्यांची रांग ढकलत पुढे आले. सहा खेपा. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे. एकाने ओरडून विचारलं, "कंट्रोलर, ही कुटली गाडी?"

"निपानी-निपानी! विनाथांबा!"

पुसणारी आक्का काचेशी फडकं घेऊन उभी राहून हसत होती आणि मधूनच नाक पुसत होती. मी केबिनमध्ये स्टॉकचं काम करत होते. सहाव्या खेपेनंतर ते दारात येऊन म्हणाले, "सत्तावीस नंबरचं चाक बघून घ्या. डावीकडं वडतंय." एवढंच. मी म्हटलं, बरं. थँक्यू म्हणायचं राहिलं. माफी तर त्या वेळी सुचलीही नाही.

ट्रॉल्यांचा वापर पुन्हा पूर्वीइतकाच झाला. मला प्रमोशन मिळालं.

नंतर दोन-तीनदा त्यांची खबर कळली. लेकीकडे बोरगावला राहायला गेलेत. सकाळ-संध्याकाळ तिथल्या स्टँडवर जाऊन उभे राहतात, पगार-बिगार काही नाही, आणि म्हाताऱ्या बायकांना कुठल्या झाडाखाली थांबलं तर बसचं दार बरोबर पुढ्यात येतं ते सांगतात. दार तिथेच येतं म्हणे. बोरगाव निपाणीपासून काही लांब नाही. निपाणीत होते तोवर मला कुठल्याही रविवारी जाता आलं असतं. गेले नाही.

साडेतीन वाजले होते. गुडघे भरून आले होते. मी उठले, नव्या दुकानातल्या तांदळाच्या रॅकपर्यंत चालत गेले, आणि तिथून बिल काउंटरपर्यंत. मग परत येऊन दाराशी लावलेल्या दोन बाजूंपैकी एक टेप सोलून काढली आणि चौकोन निम्म्याने लहान केला. दुसरा चौकोन तांदळामागे. तिसरा बिल काउंटरच्या अलीकडे, खांबाला लागून, सोडायच्या गाड्यांसाठी. नकाशाचा फोटो काढून त्यावर लाल पेनाने तिन्ही जागा दाखवल्या आणि रिजनल ऑफिसला मेल केला. खाली लिहिलं: बदल माझ्या निर्णयाने केला आहे. माझी सही. या पदावर आता एवढं करता येतं. तेव्हाही आलं असतं, फक्त महाग पडलं असतं.

मंगळवारी सकाळी साडेसातला पोचले. उद्घाटन म्हणून इस्त्रीची कांजीवरम नेसले होते. ट्रॉल्या मागच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकमध्ये उभ्या होत्या. हमालांना आठची वेळ दिलेली. मी त्यांची वाट बघितली नाही. वीस ट्रॉल्यांचं प्लास्टिक कापलं, त्या एकात एक सारल्या, पदर खोचला आणि मागच्या दाराने बाहेर पडून सर्व्हिस रोडने ढकलत निघाले. वीस ट्रॉल्यांची रांग वळणावर ऐकत नाही. हाताने नाही, अंगाने वळवावी लागते. वडील तसेच वळवायचे. हे मला माहीत होतं हेही विसरले होते.

काचेसमोर बस थांबा आहे. बेळगावला निघालेली पंधरा-वीस माणसं उभी होती, डबे, लॅपटॉपच्या बॅगा, भाजीच्या बुट्ट्या. सगळ्यांनी बघितलं. बुट्टीवाल्या एका आक्काला गप्प बसवेना.

"ओ बाई, भारीतली साडी नेसून गाडी ढकलालासा! हमाल न्हाईत व्हय तुमच्यात?"

"हाईत की," मी म्हणाले. "माझे वडीलच होते. जरा पाय बाजूला घ्या आक्का, गाडी डावीकडं ओढतेय."

तिने पाय घेतला, बुट्टीही सरकवली. मी रांग दारातून आत घेतली आणि पुढच्या वीस आणायला मागे गेले.